विमानाची खांदशेकणी

प्रेरणा इंगोलेला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. दारव्ह्याजवळच्या तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत असताना तिच्या सायकलची हवा सोडणाऱ्या पोरासमोर उभी राहून ती इतक्या हळू बोलली होती की त्यानं घाबरून स्वतःच पंप शोधून आणला. तिची आई विमलताई म्हणायची, "ही ओरडली तं बरं. हळू बोलली का समजाचं, आता काही खरं नाई."

पुसदला इंजिनिअरिंग शिकत असताना तिनं वैमानिक प्रशिक्षणाची परीक्षा दिली आणि तिची निवड झाली. गावात आधी बातमी पसरली ती अशी की बबनरावची पोट्टी नापास झाली, म्हणून कॉलेज सोडून राह्यली. खरं कळलं तेव्हा लोक आणखीच चक्रावले.

"हिच्या हातात इमान कोण देईन?" एकानं विचारलं. "त्यापेक्षा एस.टी.त लागली असती, पास तं भेटला असता."

तिचे वडील बबनराव म्हणाले, "ज्याले भेव वाटते त्यानं तिच्या इमानात बसू नये. तसंही तुमाले तिकीट कोन काढून देऊन राह्यलं?"

प्रशिक्षण झालं, परवाना मिळाला, आणि मुंबईच्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागली. कंपनीकडे दोन इंजिनांची, पंख्याची छोटी विमानं होती. उद्योगपती, पुढारी, कधी एखादा रुग्ण, अशी माणसं ती भाड्यानं नेत-आणत. काही वर्षं उजव्या सीटवर सहवैमानिक म्हणून काढल्यावर प्रेरणाच्या खांद्यावर चौथी पट्टी आली. आता ती कॅप्टन झाली होती.

लोकांना वाटतं, वैमानिकाचं काम म्हणजे दांडा धरून बसणं. खरं काम दांडा धरायच्या आधी होतं. माणसं किती, सामान किती, इंधन किती, वाटेत ढग कसले, उतरायची जागा बंद पडली तर दुसरी कुठली, हे सगळं जमिनीवर ठरतं. निघण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारायची. चाक, पंख, पंखा, झाकणं, नळ्या, सगळं डोळ्यांनी बघायचं, हातानं चाचपायचं. आणि या सगळ्यानंतर "निघायचं" किंवा "नाही" हा शब्द कॅप्टननं उच्चारायचा. विमानाचा मालक कोणी असो, आत बसणारा कितीही मोठा असो, तो शब्द दुसऱ्या कोणाचा नाही. प्रेरणानं बबनरावांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हंजे तू तं पोलीस पाटलाच्याही वरची झाली."

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बियाणं फसवं, आणि यवतमाळचं नाव रोज पेपरात. पेपरात नाव आलं की पाहुणे येत. समित्या आल्या, पथकं आली, कॅमेरे आले. गाड्यांचा ताफा यायचा, धुरळा उडायचा, ताफा जायचा, धुरळा तेवढा कापसावर बसून राहायचा. प्रेरणा मुंबईत पेपर उघडायची आणि पहिलं पान वाचून घडी घालायची.

अशाच एका पाहुण्याला यवतमाळला न्यायची कामगिरी तिच्याकडे आली. मुंबईचे एक मोठे पुढारी. कंपनीत त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. सकाळी यवतमाळच्या धावपट्टीवर उतरायचं, साहेब गाडीनं दारव्हा-दिग्रस करून येतील, आणि उजेड असेपर्यंत परत उडायचं. त्या धावपट्टीवर तेव्हा रात्रीचे दिवे नव्हते. तारीख पाहून प्रेरणा थबकली आणि तिनं घरी फोन लावला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोळा होता.

ती उतरली तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे बबनराव उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, एका हातात विमलताईंनी दिलेला जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात एक छोटी पितळी डबी. साहेबांच्या गाड्या निघून गेल्यावर प्रेरणानं पोलिसाला सांगितलं, "हे माझे वडील आहेत. येऊ द्या." पोलिसानं तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि फाटक उघडलं.

बबनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून विमान पाहिलं. शेपटापासून नाकापर्यंत ते बघत गेले. मग म्हणाले, "हात जोडू काय याले?"

"जोडा की."

"लेकराले सांभायते हे. जोडाच लागन."

प्रेरणाला हसू आलं. सहवैमानिक पियूषही हसला. तो पुण्याचा, तिच्यापेक्षा लहान, नम्र पोरगा. वेग मोजणाऱ्या पुढच्या नळ्यांवर त्यानं लाल फीत लोंबणारी कव्हरं चढवली. विमानाच्या पोटाच्या बाजूंना असलेल्या भोकांनाही अशीच बुचं असतात, पण कंपनीच्या पेटीतली बुचं कधीच हरवली होती. प्रेरणानं ती तीनदा मागितली होती आणि मालकानं तीनदा "बघू" म्हटलं होतं. दुपारनंतर ढग दाटून येण्याची चिन्हं होती. नागपूरला फोन लावून हवामान विचारायला आणि परतीची परवानगी घ्यायला दोघं पट्टीच्या कडेच्या खोलीत गेले. फोन लागेना. लागला तेव्हा पलीकडचा माणूस दुसऱ्या खोलीत गेलेला. बराच वेळ गेला.

तेवढ्या वेळात बबनरावांनी विमानाची खांदशेकणी केली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैल धुतात आणि त्यांचे खांदे लोणी-हळद लावून शेकतात. वर्षभर जू वाहून तिथली कातडी सोललेली असते, केस गेलेले असतात. पळसाच्या पानानं तिथं लोणी चोळायचं आणि कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बबनराव घरच्या बैलांचं उरकूनच आले होते. डबीत उरलेलं हळदीचं लोणी होतं. या जनावरानं आपली पोरगी इतकी वर्षं पाठीवर वाहिली, त्याला कोरडं कसं ठेवायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं. पंख जिथं अंगातून फुटतो तिथं त्यांनी दोन्ही बाजूंनी लोणी चोळलं. मग जरा मागे त्यांना एक गोल जागा दिसली. तिथला रंग गेलेला, आतला धातू उघडा पडलेला. त्यांना वाटलं, इथंच जू घासलं. तिथं त्यांनी अंगठा दाबून दाबून जास्त लोणी जिरवलं. पलीकडच्या अंगालाही तशीच जागा निघाली. तिथंही.

ती जागा घासलेली नव्हती. ती मुद्दाम बिनरंगाची ठेवलेली चकती होती, आणि तिच्यात बारीक भोकं होती. बाहेरच्या हवेचा दाब त्या भोकांतून शिरून नळीनं समोरच्या काट्यांपर्यंत जातो. विमान किती उंचावर आहे, चढतं आहे की उतरतं आहे, वेग किती, हे सांगणारे काटे याच भोकांतून श्वास घेतात. भोक बुजलं की काटे बंद पडत नाहीत, खोटं बोलू लागतात. बंद पडलेला काटा निदान दिसतो. खोटं बोलणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवून ढगात शिरलेली माणसं डोंगरावर आपटली आहेत, समुद्रात गेली आहेत.

साहेब परत आले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. त्यांच्यामागे कार्यकर्ते, त्यांच्यामागे दारव्ह्याकडचे बरेच शेतकरी. साहेबांचे स्वीय सहायक चारुदत्त घड्याळ बघत पुढे आले. "कॅप्टन, लगेच निघायचं. रात्री मुंबईत बैठक आहे."

प्रेरणानं फेरी सुरू केली. डावं चाक, डावा पंख. पंखाच्या मुळाशी तिला पिवळा, चकचकीत लेप दिसला. तिनं बोट लावलं, नाकाशी नेलं. लोण्याचा वास. ती दोन पावलं मागे सरकली आणि चकतीकडे पाहत राहिली. भोकं दिसतच नव्हती. ती वळसा घालून उजव्या बाजूला जवळजवळ धावत गेली. तिथंही तेच.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "हे तुम्ही लावलं?"

बबनराव हौसेनं पुढे आले. "व्हय. खांद शेकली त्याची. इथचा रंग गेलता, जू घासलं असन म्हनून जरा जास्तच लावलं."

"म्या तुमाले हात जोडाले सांगितलं होतं."

"जोडले ना. आंधी जोडले, मंग लावलं."

पियूषनं खिशातून रुमाल काढला होता. प्रेरणानं त्याचा हात धरला. "पुसू नको. पुसशील तेवढं आत जाईल." मग ती चारुदत्तकडे वळली. "विमान उडणार नाही. या भोकांमध्ये लोणी गेलंय. मुंबईहून इंजिनिअर येऊन नळ्या काढून साफ करील, तपासून सही करील, तेव्हा उडेल."

"लोणी?" चारुदत्तला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि संताप एकदमच आले. "मॅडम, पुसा आणि निघा. कोणाला कळणारही नाही."

"काट्यांना कळेल."

त्यानं कंपनीच्या मालकाला फोन लावून तिच्या हातात दिला. मालक दोन वाक्यांतच मुद्द्यावर आला. "विमानाच्या आतून दाब घ्यायचा दुसरा मार्ग आहे ना? त्यावर टाक आणि ये."

"तो हवेत काही बिघडलं तर वापरायचा आहे, सर. बिघडलेलं विमान घेऊन जमिनीवरून निघण्यासाठी नाही. वर ढग आहेत. मला खिडकीतून काही दिसणार नाही, काट्यांवरच जायचंय."

"प्रेरणा, चार पट्ट्या मी दिल्यात."

"आणि बुचं दिली नाहीत," ती म्हणाली. पियूषनं दचकून तिच्याकडे पाहिलं. मग मालक म्हणाला, "आज साहेब आले नाहीत तर उद्यापासून तू कॅप्टन नाहीस," आणि त्यानं फोन ठेवला.

बातमी कुंपणापर्यंत पोचली होती. लोक गलका करू लागले. त्यांच्यातला फुलसिंग नावाचा एक शेतकरी पुढे आला. त्याची जमीन बबनरावांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होती आणि प्रेरणाला त्यानं लहानपणापासून पाहिलेलं.

"पोरी, काहून अडवून राह्यली तू?" त्यानं विचारलं. "साहेब आज बैठकीत कापसाच्या भावाचं बोलनार हायेत. आमच्यासमोर शब्द देल्ला त्यायनं. तू आपल्या गावची, आन् तूच आडवी?"

"काका, विमान पडलं तर भाव कोण मागेल?"

"पडत नाई वं! एवढ्याशा लोन्यानं कुठं इमान पडते?"

"ऐका जरा," चारुदत्त सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाखो शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, आणि या बाई दोन भोकांसाठी अडून बसल्यात."

प्रेरणाची नजर त्याच्या बुटांवर गेली. सकाळपासून गावं फिरलेला हा माणूस गाडीच्या काचा बंद करून फिरला होता. त्याच्या बुटांवर काळ्या मातीचा एक कणही नव्हता. आणि तो तिला शेतकरी सांगत होता. तिच्या बापासमोर.

बबनरावांनी तिची बाही धरली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाजात चीड होती. "एवढ्या लोकांत माही इज्जत काहाले काढतं? माह्या हातून चूक झाली, पुसून टाकतो ना म्या. चाल, उडव. लोकायचा तळतळाट नको घेऊ."

"बाबा, हात सोडा."

"बापाचं ऐकनार नाई तू?"

"विमानाजवळ नाही."

बबनरावांनी बाही सोडली. त्यांच्या सदऱ्यावर आणि तिच्या पांढऱ्या बाहीवर हळदीचे पिवळे डाग पडले.

चारुदत्तनं आता दुसरी चाल खेळली. त्यानं पोलिसाला बोलावलं. "साहेबांच्या विमानाशी छेडछाड झाली आहे. कोणी केली? या म्हाताऱ्यानं? आत कसा आला हा? घ्या ताब्यात." मग प्रेरणाकडे वळून हलकेच म्हणाला, "किंवा मग काही झालंच नाही असं समजू आणि निघू. कसं करता?"

तिला समजायला वेळ लागला नाही. उडाली तर बाप सुटतो. नाही उडाली तर बाप आत जातो. साहेब गाडीत बसून फोनवर बोलत होते. काच वर होती. त्यांनी एकदाही खाली उतरून विचारलं नव्हतं की बाई, झालं काय.

ती पोलिसासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या हळू बोलली की पोलिसाला वाकावं लागलं. "यांना आत मी घेतलं. विमानाजवळ जायची परवानगी मी दिली. मी इथं नसताना विमान उघडं राहिलं, तेही माझ्यामुळं. इथं जे झालं ते सगळं कॅप्टनच्या जबाबदारीत येतं, आणि कॅप्टन मी आहे. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा." मग चारुदत्तकडे न वळताच ती म्हणाली, "आणि हेही लिहा, की सदोष विमान उडवा नाहीतर बापाला अटक करतो, असं मला कोण म्हणालं."

पोलिसानं चारुदत्तकडे पाहिलं. चारुदत्तनं घड्याळाकडे. थोड्या वेळानं साहेबांची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. जाता जाता गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बबनरावच्या पोरीनं भाव बुडवला रे!" आणि दुसऱ्या कोणी तिला एक शिवी दिली, जी तिनं लहानपणी फक्त भांडणाऱ्या गाडीवानांच्या तोंडी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, इंजिनिअर आला. त्यानं नळ्या काढल्या, साफ केल्या, उपकरण लावून दाब तपासला आणि म्हणाला, "आत गेलं होतं, पण फार नाही. उडाला असतात तर कदाचित काही झालंही नसतं."

मालकानं त्यातला 'काही झालं नसतं' एवढाच भाग उचलला. त्यानं प्रेरणाला बोलावून सांगितलं की साहेबांची माफी माग आणि पुन्हा उजव्या सीटवर बस. प्रेरणा म्हणाली, "'कदाचित'वर मी माणसं बसवत नाही," आणि राजीनामा देऊन आली. पियूषनं निरोप घेताना तिला वाकून नमस्कार केला. तिला त्याचाही रागच आला. नमस्कार करायला आला होता. बोलायची वेळ होती तेव्हा त्याच्या हातात रुमाल होता.

पुढे ती मोठ्या कंपनीत लागली, तिथं पुन्हा सगळ्यात खालून सुरुवात करून कॅप्टन झाली. पण ते नंतर. त्या हिवाळ्यात ती घरी होती, नोकरीशिवाय. बापलेकींत तेव्हा कामापुरतं बोलणं होतं. तिला काय काय ऐकावं लागतं ते बबनरावांना दिसत होतं, पण ते गप्प राहत. चूक कोणाची, यावर दोघांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. ते गप्प होते याचाही तिला राग होता, आणि आपल्याला राग आहे याचाही.

कापूस निघाला. दारव्ह्याच्या जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागली. बबनरावांसोबत प्रेरणाही गेली होती. भाव फुटला तो गेल्या वर्षीच्याही खाली. रांगेतून एक सुस्कारा गेला, मग शिव्या सुरू झाल्या, आणि त्या फिरत फिरत तिच्यापर्यंत आल्या.

पुढच्या गाडीवरून फुलसिंग म्हणाला, "बाप्पा, आता कोनाले बोलाचं? भाव तं तवाच गेला, इमान अडलं त्या दिवशी."

दोघं-चौघं हसले. बबनरावांनी बैलाच्या वेसणीत हात घातला आणि तो तिथंच राहिला.

प्रेरणा गाडीवरून उतरली. फुलसिंगच्या चाकाजवळ गेली. तिचा आवाज ऐकायला आजूबाजूचे लोक आपसूक गप्प झाले.

"काका, तुमचे साहेब त्या रात्री नागपूरले पोचले. सकाळचं विमान धरलं त्यायनं. ते विमान म्या उडवत नव्हती. त्याले माह्या बापानं लोणी लावलं नव्हतं. ते कोनी अडवलं नाई, वेळेवर उडालं आन् वेळेवर उतरलं. मुंबईत पोचले ते. चार महिने झाले पोचून." तिनं कापसाच्या गाडीवर हात टेकला. "मंग तुमचा भाव कुठं अडकला, तेवढं त्यायले विचारा. मले नका विचारू. माह्यं विमान जमिनीवरच होतं."

फुलसिंग तोंडातली तंबाखू चघळायचा थांबला होता.

"विचारता का?" ती म्हणाली. "त्यायचा नंबर हाय माह्यापाशी. लावून देऊ आत्ता?"

फुलसिंगनं मान खाली घातली. रांग हलली. मागून बबनरावांनी बैल हाकले, तिच्याजवळ येऊन गाडी थांबवली आणि तिला चढायला हात दिला. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले.

"लावून दे," ते म्हणाले. "त्याले इचारता येत नसन तं मले दे. म्या इचारतो."